बारा नंबरवर कोण राहतं?

१

“तारेचं एक टोक पाहून कोनाले नाव ठेवू नको, नलू. दुसऱ्या टोकाले कोन हाये ते पाहून येजो, मंगच तोंड उघडजो.”

हे माझे वडील, अण्णाजी. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. २००८ सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सव्वादहाला, मी आमच्या नेत्र रुग्णालयाच्या वॉर्डाच्या दारात उभी होते आणि मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. बरं झालं आला. माझ्या ओठांवर जे शब्द येऊन थांबले होते ते एकादशीच्या दिवशी कुणीही काढू नयेत असे होते.

वॉर्डात बावीस म्हातारी माणसं खाटांवर बसली होती. सगळी पवनारची आणि तिकडच्याच दोन-तीन गावांची. शनिवारी त्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं होती. त्यांच्यामध्ये आमचे सचिव रूपरावजी उभे राहून ओरडत होते, आणि त्यांचं बोट सुरभीकडे होतं.

“पाहून घ्या सगळ्यांनी! या पोरीनं तुमच्या डोळ्यांची मापं उडवली. मुद्दाम उडवली! उद्याचं ऑपरेशन आता होत नाई. जा आपापल्या घरी.”

सुरभी ही आमची संगणक चालवणारी मुलगी. तेवीस वर्षांची, बोरगाव मेघेहून सायकलनं यायची. ओढणीचं टोक मुठीत आवळून ती भिंतीला टेकली होती.

पवनारच्या आनंदाबाई खाटेवरून उठल्या. त्यांना समोरचा माणूस धड दिसत नव्हता, तरी अंदाजानं त्या सुरभीसमोर गेल्या. “माह्या डोळ्यांशी काहाची दुश्मनी व बाई तुही? सून तीन दिस कामावर नाई गेली माह्यासाठी.” असं म्हणून त्यांनी तिच्या तोंडासमोर कडाकडा बोटं मोडली.

सुरभीनं माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. नाही म्हणून.

चातुर्मासात मी दरवर्षी एक नेम धरते. त्या वर्षीचा नेम होता, आवाज चढवून बोलायचं नाही. मी तो पाळला.

२

काय झालं होतं ते आधी सांगते.

डोळ्यात बसवायच्या भिंगाचं माप आम्ही त्या जुलैपासून कागदावर लिहिणं बंद केलं होतं. रूपरावजींना ‘पेपरलेस’ या शब्दाचं फार वेड. मापं थेट संगणकात जात. मागच्या खोलीत एक मोठा सर्व्हर होता, पेटीएवढा. त्याच्या पोटात तीन संगणक चालत, पण ते हातानं उचलता येतील असे खरे नव्हते, आभासी होते. एकाच घरात तीन बिऱ्हाडं राहावीत तसे. एक नोंदणीचं, एक चष्म्याच्या काउंटरचं, आणि तिसरं ऑपरेशनचं. प्रत्येक बिऱ्हाडाला जाळ्यावरचा आपला पत्ता होता. ऑपरेशनच्या मशीनच्या पत्त्याचा शेवट बारा, म्हणून सगळे त्याला बारा नंबर म्हणत.

शुक्रवारी सकाळी सुरभीनं बारा नंबर उघडलं. कार्यक्रम नेहमीसारखा सुरू झाला. पण यादी ३० सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्या मंगळवारी येऊन थांबली होती. त्यापुढचं सगळं नवरात्र गेलं होतं. त्या बावीस जणांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

सर्व्हरचं काम रजतकडे होतं. मेन रोडवरच्या कापड दुकानवाल्यांचा मुलगा, नागपूरहून शिकून आलेला. रूपरावजींच्या खास विश्वासातला. मीच त्याला फोन लावला. नोंदणी विभाग माझ्याकडे, म्हणून असली कामंही माझ्याकडेच.

“पिंग होऊन राह्यलं का, मॅडम?” त्यानं विचारलं. पिंग म्हणजे आपल्या मशीनवरून दुसऱ्याला हाक मारून पाहणं.

मी हाक मारली. बारा नंबरनं लगेच ओ दिली. “होतंय.”

“मग नेटवर्क ओके, मशीन बी ओके. डाटा उडवला कोनीतरी. उसका पासवर्ड किसके पास है?”

“सुरभीकडे.”

“बस. मिल गया आपको. महिनाभर मी फिरकलोच नाही तुमच्याकडं.”

फोन स्पीकरवर होता आणि रूपरावजी माझ्या खुर्चीमागे उभे होते. तपास तिथंच संपला. सगळा मिळून एक मिनिटाचा. मग ते तडक वॉर्डात गेले.

त्यांच्याकडे कारणही तयार होतं. सोमवारी सुरभीनं अष्टमीची सुट्टी मागितली, त्यांनी दिली नाही, आणि ती रागानं म्हणाली होती, “मी नसली का मंग कळन तुमाले.” हे चष्म्याच्या काउंटरवरच्या स्वप्निलनं ऐकलं होतं आणि साहेबांपर्यंत पोचवलंही होतं.

“उद्या चार वाजता कमिटी हाये,” रूपरावजी मला म्हणाले. “तिचं काढून टाकायचं पत्र टाइप करून ठेवा. कारणात लिहा, हेतुपुरस्सर नुकसान. वर्ध्यात कोनी उभं नाई करणार तिले.”

म्हणजे माझ्या हातात शनिवारी चार वाजेपर्यंतचा वेळ होता. आणि ते पत्र माझ्याच बोटांनी टाइप व्हायचं होतं.

३

सुरभी सायकल स्टँडवर सापडली. कुलूप उघडत होती, पण किल्ली लागत नव्हती.

“सुरभी, एक सांग. उडवलंस का?”

“तुम्ही पण, ताई?”

“मी सगळ्यांना विचारणार आहे. तुझ्यापासून सुरुवात केली.”

तिनं डोळे पुसले. आता तिलाही राग आला होता, आणि ते मला बरं वाटलं. “मले उडवायचंच असतं तर अर्ध्यातून काऊन उडवलं असतं? घटस्थापनेच्या दिवशी एकवीस पेशंट होते. यादीत अकरा हायेत. अकरावी भागीरथाबाई, उजवा डोळा. बारावा माणूस तिच्या मागंच बसलता. त्याच्यापासून पुढं सगळं साफ. राग आलेला माणूस असा मोजून राग काढते का?”

मी परत जाऊन पाहिलं. खरं होतं. भागीरथाबाईंची वेळ १० वाजून ४८ मिनिटं. त्यानंतर एक ओळ नाही. कुणी उडवलं असतं तर दिवस उडवले असते, पानं उडवली असती. हे तसं नव्हतं. जणू घड्याळच १० वाजून ४८ मिनिटांनी थांबलं होतं.

मग मागच्या खोलीत गेले. खंडेनवमीला तिथं सर्व्हरची पूजा झाली होती. झेंडूची माळ अजून वर होती, सुकलेली. पेटीच्या दर्शनी भागावर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं, ते ठीकच. पण आणखी एक कुंकवाचा ठसा होता. चालू-बंद करायच्या बटणावर. बरोबर मधोमध.

बंडूजी आमचे जुने शिपाई आणि चौकीदारही. पूजा त्यांनीच केली होती.

“बंडूजी, सर्व्हर बंद केला होता का हो तुम्ही?”

“नाई व ताई! रजतभाऊनं सांगतलं हाये, हे पेटी कधीच बंद कराची नाई. मी हातच नाई लावला.”

“बटणावर कुंकू आहे.”

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “खंडेनवमीले वखर बसते, डवरा बसते, शिवणाची मशीन बसते. एक दिस साऱ्याइले आराम असते. हे पेटी बाराही मयने रडून राह्यली घर्र घर्र. मले वाटलं, हिलेही एक दिस निजू द्या. दुपारी सारे घरी गेल्यावर बटन दाबलं, काल दसऱ्याची सुट्टी, आज सकाळी सुरू केलं. ताई, देवीचा कोप झाला का मंग? नवरात्रच गेलं ना पुरं.”

“देवीला दुसरी कामं आहेत, बंडूजी. साहेबांना का नाही सांगितलं?”

“माही पेन्शन दोन वर्षांवर आली व.”

मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू. एक पोरगी भिंतीला टेकून शिव्या खात होती आणि हा बापाच्या वयाचा माणूस टोपी सारखी करत होता. पण त्यांच्या बोलण्यात एक दुवा होता. जुलैत बसवल्यापासून ती पेटी पहिल्यांदा बंद झाली होती. आणि सुरू झाली तेव्हा सगळं बिघडलेलं होतं.

“गेटचं रजिस्टर द्या,” मी म्हटलं. “घटस्थापनेच्या दिवसाचं.”

त्यांनी पान काढलं. मी बोट खाली नेत गेले आणि एका ओळीवर थांबले. रजत. आत १०.४०. बाहेर १२.३०. काम – सर्व्हर.

४

स्वप्निल चष्म्याच्या काचा पुसत बसला होता. आपण काय केलं ते त्याला कळलेलं होतं, म्हणून माझ्याकडे पाहत नव्हता.

“साहेबांना सांगायची फार घाई झाली होती का रे?”

“मी फक्त ऐकलं ते सांगतलं, ताई. मले काय मालूम ते असं करतीन.”

“बरं. आता मला सांग, तेही ऐकलं-पाहिलं तेवढंच. घटस्थापनेला सकाळी अकराच्या सुमारास काही आठवतं?”

तो आठवत राहिला. “माहं मशीन लय स्लो झालतं. बिल निघेना. गिऱ्हाईक ओरडून राह्यलं. मी मागच्या खोलीत गेलतो तं रजतभाऊ होता आत. मले म्हणे, दस मिनट रुक, कापी चालू हाये.”

“कसली कॉपी?”

“ते नाई सांगतलं. पण जाताना त्याच्याजवळ काळी डबी होती, वायरवाली. बाहेरून लावाची हार्डडिस्क. पिशवीत टाकून नेली.”

आणि फोनवर तर हाच रजत मला म्हणाला होता, “महिनाभर मी फिरकलोच नाही तुमच्याकडं.”

दुपारी साडेबाराला तो स्वतः आला. मागच्या खोलीत गेला तेव्हा कपाळावर घाम होता. दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा शीळ वाजवत होता.

“हो जायेगा, साहेब,” तो रूपरावजींना म्हणाला. “उडवलेला डाटा परत आणाचं स्पेशल सॉफ्टवेअर लागते. उद्या तीन वाजता येतो. साडेतीनपर्यंत पूरा डाटा परत. कमिटीच्या आधी.”

रूपरावजींचा चेहरा उजळला. “पाहा नलूताई! एक बिघडवते, एक सुधरवते.”

मी जागेवर येऊन बसले. कशाला हात लावायच्या आधीच हा माणूस अर्ध्या तासाचा शब्द कसा देतो? तळ्यात बुडालेली वस्तू काढणारा आधी खोली विचारतो. ती वस्तू बुडालीच नाही हे ज्याला माहीत असतं, तोच वेळ सांगतो.

मला ड्रॉवरमधली वही आठवली.

अण्णाजी प्रत्येक लाइनचं दुसरं टोक लिहून ठेवत. ती सवय मला लागली. जाळ्यावरच्या प्रत्येक मशीनला दोन ओळखी असतात. एक पत्ता, तो आपण देतो, उद्या दुसऱ्याला देता येतो. दुसरा बारा अक्षरांचा कार्डनंबर. तो त्या मशीनला जन्मतः मिळतो. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांचे कार्डनंबर वहीत लिहायची. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. बारा नंबरच्या रकान्यात तिन्ही महिने शेवटची चार अक्षरं सारखी होती : ३सी-९१.

मी पुन्हा बारा नंबरला हाक मारली. ओ आली. मग मशीनला विचारलं, ही ओ देणाऱ्याचा कार्डनंबर काय?

पडद्यावर उत्तर उमटलं. मी वही पडद्याजवळ नेली. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

ए७-०४.

पत्ता तोच होता, आणि त्या दारामागे राहणारा कुणी दुसराच होता.

५

शनिवारी सकाळी पोथी वाचताना ओळीवर मन ठरेना. देवासमोर बसून मी कार्डनंबर जुळवत होते. देवानं क्षमा केली असेल. बाकी कुणाला क्षमा करायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

जुलैत सर्व्हर बसवताना रजतनं आम्हाला शिकवलं होतं, तेही वहीत होतं. त्याचेच शब्द : आभासी मशीन म्हणजे शेवटी फायलींचा गठ्ठा, त्याची नक्कल करता येते. नक्कल पहिल्यांदा सुरू केली की ती विचारते, मला नुसतं हलवलं, की माझी नक्कल केली? ‘नक्कल केली’ म्हटलं की तिला नवीन कार्डनंबर मिळतो. पत्ता मात्र मूळ मशीनचाच राहतो. तो हातानं बदलावा लागतो.

मग सगळं आपोआप रांगेत येऊन उभं राहिलं. घटस्थापनेला अकराच्या जरा आधी रजतनं बारा नंबरची नक्कल केली. म्हणूनच तिच्यात भागीरथाबाईंच्या पुढचं कुणी नव्हतं. तो बारावा माणूस तेव्हा अजून बाकावर बसलेला होता. म्हणूनच स्वप्निलचं मशीन रडत होतं. नक्कल चालते का ते त्यानं पाहिलं, काळ्या डबीत भरून नेली, आणि सर्व्हरवरची प्रत तशीच विसरला, बंद अवस्थेत.

नऊ दिवस ती झोपलेली राहिली. बंडूजींनी पेटीला विश्रांती दिली. शुक्रवारी पेटी सुरू झाली तशी पोटातली सगळी बिऱ्हाडं आपोआप उठली, आणि आता ती तीन नव्हती, चार होती. नक्कल आधी उठली आणि बारा नंबरच्या दारात जाऊन बसली. खरं मशीन मागाहून आलं, पाहिलं तर पत्त्यावर कुणीतरी आहे. अशा वेळी उशिरा आलेलं मशीन भांडत नाही. जाळ्यावरचं आपलं तोंड बंद करून बसतं. बावीस जणांची मापं पोटात घेऊन ते तिथंच होतं. जिवंत होतं, पण मुकं.

आम्ही हाक मारली. कुणीतरी ओ दिली. कोण ओ देतंय हे कुणी विचारलं नाही.

आणि रजत? फोनवर बोलला तेव्हा कदाचित त्याला ठाऊक नसेल. पण साडेबाराला त्यानं यादीत चार मशीनं पाहिली. त्या क्षणापासून ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं, “चूक माझी.” त्याऐवजी तो आज तीनला येणार, दार बंद करणार, नक्कल पुसणार, खऱ्या मशीनला उठवणार. मापं परत. पुरावा गेला. तो तारणहार, आणि सुरभी कायमची अपराधी. कारण परत आणलं याचा अर्थच, आधी कुणीतरी उडवलं होतं.

माझ्याकडे सर्व्हरचा पासवर्ड नव्हता. एक वही होती आणि एक कोरं पाकीट.

अडीच वाजता मी नोंदणीच्या मशीनवर बंडूजी आणि स्वप्निल यांच्यासमोर बारा नंबरला पुन्हा हाक मारली, ए७-०४ वहीत तारीख-वेळेसह लिहिलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

“सही कराच लागते का, ताई?” बंडूजी म्हणाले.

“नका करू. पण मग पुढच्या खंडेनवमीला त्या पेटीला कुंकू कुठल्या हातानं लावाल?”

त्यांनी सही केली. आणि न सांगता खाली एक ओळ लिहिली : बुधवारी बटण मीच दाबले.

पुढं काय होईल ते मी एका कागदावर लिहिलं, सह्यांचं पान त्याला जोडलं आणि पाकीट बंद करून रूपरावजींच्या टेबलावर ठेवलं. “कमिटीसमोर उघडा. आधी नको.”

“पत्र टाइप झालं ना पोरीचं?”

“पाकीट आधी उघडा,” मी म्हटलं.

६

साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना रजत हसत बाहेर आला. “चेक करा!”

बावीसही नावं आली होती. आनंदाबाई, डावा डोळा. कवडू, उजवा डोळा. सगळी.

चार वाजता कमिटी बसली. अध्यक्षा जयवंताबाई, रूपरावजी, आणखी दोघं. रजतला खास बोलावून खुर्ची दिली होती. सुरभी दाराशी उभी. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती.

“आता पाकीट,” मी म्हटलं.

रूपरावजींनी हसतच फोडलं आणि मोठ्यानं वाचू लागले. “रजतभाऊ साडेतीनच्या आत सगळी मापं परत आणतील. बरोबर! त्याआधी बारा नंबरचा कार्डनंबर ए७-०४ असेल, सोबत साक्षीदारांच्या सह्या. मापं परत आल्यावर तो…” त्यांचा आवाज मंदावला. “…तो ३सी-९१ झालेला असेल. काय हाये हे?”

मी नोंदणीच्या मशीनजवळ गेले. सगळ्यांना उठून यायला लागलं, कारण मी हळू बोलत होते. बारा नंबरला हाक मारली. कार्डनंबर विचारला. जयवंताबाईंनीच वाचला, “३सी-९१.”

“नंबर तो बदलता रहता है,” रजत म्हणाला.

“तीन महिने नाही बदलला. ही वही. रजतभाऊ, एखाद्याच्या घरातली भांडी चोरीला गेली आणि तुम्ही ती परत आणली, तर घरमालक बदलतो का? शुक्रवारी त्या दारात एक होता, आज दुसरा आहे. तुम्ही भांडी आणली नाहीत. तुम्ही घुसलेला माणूस बाहेर काढला. आणि त्याला आत बसवणारेही तुम्हीच.”

मी घटस्थापनेपासून सांगत गेले. गेटच्या रजिस्टरचं पान ठेवलं. स्वप्निल दारातून म्हणाला, “काळी डबी मी पाह्यली हाये.” त्याचा आवाज फाटला होता, पण बोलला.

“त्या डबीत काय आहे, रजतभाऊ?”

तो रूपरावजींकडे पाहत राहिला. ते छताकडे पाहत होते.

“सिर्फ डेमो के लिये,” तो शेवटी म्हणाला. “आर्वीच्या एका दवाखान्यात दाखवाले नेली मशीन. असंच बसवून देतो म्हटलं त्याइले. मी काय चोर हाओ का?”

“आमच्या पेशंटची नावं, वय, आजार घेऊन?” जयवंताबाईंनी विचारलं. “आणि काल जेव्हा कळलं तेव्हा?”

“काल तं साहेब बोलून बसले होते ना सगळ्यांसमोर! आता मी कसा म्हणू का…” तो थांबला. पण वाक्य पूर्ण झालं होतं.

जयवंताबाईंनी पत्राचा टाइप न केलेला कोरा कागद रूपरावजींसमोर सरकवला. “यावर रजतचं काम काढून घेतल्याचं लिहा. डबी आज संध्याकाळी इथं आली पाहिजे.”

मग रूपरावजी सुरभीकडे वळले. “सोमवारपासून येजो, बेटा. गैरसमज झालता. झालं गेलं सोड आता.”

मला वाटलं होतं ती रडेल. ती पुढं आली आणि टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकले.

“साहेब, तुम्ही मले खोलीत नाई बोलले. बावीस जणांच्या समोर बोलले. ते आपापल्या घरी गेले. माह्या नावानं बोटं मोडून राह्यले असतीन अजून. त्याइले कोन सांगन?”

“अरे, परवा बोलावू ना सगळ्यांले ऑपरेशनले. तवा कळनच.”

“काय कळन? का मापं सापडली. पोरीनं उडवली होती ते सापडली. हेच ना?”

“मग आता गावोगाव हिंडून सांगू का मी?” रूपरावजींचा आवाज चढला. “संस्थेची इज्जत हाये का नाई? एका पोरीसाठी?”

कमिटीतले दोघं घड्याळ पाहू लागले. मापं परत आली होती. सगळ्यांचं काम झालं होतं. इतका राग मला रजतचाही आला नव्हता.

“सुरभी,” मी म्हटलं, “मी सांगते. बावीसच्या बावीस जणांना, त्यांच्या दारात जाऊन. कुणी उडवलं नव्हतं हे सांगेन, आणि कुणी कुणाचं नाव का घेतलं हेही सांगेन.”

“नलूताई!” रूपरावजी म्हणाले.

“माझी रविवारची सुट्टी आहे, साहेब. ती कुठं घालवायची ते मी ठरवते.”

सुरभी माझ्याकडे पाहत राहिली. “खरंच जाल, ताई?”

“जाईन.”

रविवारी सकाळी पूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं. बारा नंबरवरून छापून आणलेली यादी चार घड्या करून पिशवीत ठेवली, पाण्याची बाटली ठेवली. मुलीनं विचारलं, कुठं चाललीस गं इतक्या लवकर? मी म्हटलं, थोडं काम आहे, दुपार होईल. पायांत चपला सरकवल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि पवनारच्या बसथांब्याकडे चालू लागले.